गिऱ्हाईक आलं की इरज आगा गप्प बसतील

माझी थोरली बहीण तूरान, जिला मी आबजी म्हणते, आणि तिचा नवरा इरज आगा यांनी घर विकायला काढलं तेव्हा अंगणातली डाळिंबं नुकती तडकायला लागली होती. मग डाळिंबं उतरली, त्यांचा रस काढून झाला, झाडाची पानं गळली, थंडी आली आणि सरतही आली, तरी घर आपलं तिथंच. नवरोज, आमचं नवं वर्ष, महिन्याभरावर येऊन ठेपला होता.

घर तसं वाईट नव्हतं. इस्फहानात, खाजू पुलापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका अरुंद गल्लीत. मध्ये अंगण, अंगणात छोटा हौद, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. वांधा होता तो जिन्याचा. जिना असा उभा की इरज आगांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. ते खेकड्यासारखे आडवे आडवे चढायचे आणि प्रत्येक पायरीवर एकदा खुदाचं आणि एकदा त्या जिन्याच्या गवंड्याचं नाव घ्यायचे. दोन्ही वेगवेगळ्या सुरात.

आणि नेमकी माझ्या इमारतीतली तळमजल्याची जागा रिकामी झाली. मी पहिल्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यापासून एकटी, शिवणकाम करते. घरमालक भला माणूस. म्हणाला, "अख्तर खानूम, तुमच्या बहिणीसाठी नवरोजपर्यंत थांबतो. त्यानंतर जो पहिला येईल त्याची जागा." आबजी माझ्या पायाखाली राहायला येणार! मी गॅलरीतून हाक मारायची आणि खालून वाफाळत्या आशची, म्हणजे दाट सुपाची, वाटी वर यायची. म्हणजे घर त्यांचं असलं तरी ते विकलं जावं म्हणून झोप उडाली होती माझी.

गिऱ्हाइकं येत नव्हती असं नाही. यायची आणि पळायची. आणि त्याला कारण एकच, इरज आगा.

इरज आगा उभं आयुष्य कापडगिरणीत माग दुरुस्त करत आले. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले आणि त्यांच्या हातातली सगळी कला घरावर उतरली. एकही वस्तू म्हणून त्यांनी मूळच्या जागी, मूळच्या रूपात ठेवली नाही. पडदे मागाच्या कांड्यांवर सरकायचे. संडासाची साखळी ओढायला धोट्याची मूठ. सोप्यातलं बटण दाबलं की दिवा अंगणात लागायचा. आणि दाराची घंटा म्हणजे गिरणीतली पाळी सुटल्याची घंटा, ती त्यांनी भंगारवाल्याकडून परत विकत आणलेली. ती वाजली की भिंतीवरची मांजरं खाली पडत.

बरं, हे सगळं आहे तर आहे, माणसानं झाकावं ना? छे. ते गिऱ्हाइकाला हाताला धरून दाखवायचे.

हिवाळ्याच्या तोंडाला बँकेतले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. मी तेव्हा तिथंच होते. इरज आगा दारातच सुरू झाले.

"या, या. दार असं नुसतं ढकलू नका हां. आधी खांद्यानं वर उचलायचं, मग गुडघ्याचा टेकू द्यायचा आणि मग किल्ली फिरवायची. बघा! चोराला सात जन्मांत जमणार नाही."

"आणि आपल्यालाच घाई असली तर?" बाईंनी विचारलं.

"घाई असली तर भिंतीवरून. तिथं मी खुंट्या ठोकून ठेवल्यात."

मग स्वयंपाकघर. नळाला चावीच नाही. शेजारी साखळीला पक्कड टांगलेली. "ही पक्कड साधी समजू नका, जर्मन आहे," इरज आगा म्हणाले. मग न्हाणीघर. "गरमचा नळ सोडला की गार येतं आणि गारचा सोडला की गरम. पण हे फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात दोन्हीकडून गरमच." बँकवाले आपल्या बायकोकडे बघत होते, बायको दाराकडे बघत होती, आणि आबजी माझ्याकडे बघत होती, म्हणजे तिच्या नजरेत खून होता.

शेवटी दलाल नीकबख्त आगा स्वतः घरी आले. गलेलठ्ठ, गोड बोलणारे गृहस्थ. हातातली जपमाळ सारखी गरगर फिरायची. चहाचे घोट घेत त्यांनी घरभर नजर फिरवली.

"तूरान खानूम, राग मानू नका. घर विकायचंय की घराचं संग्रहालय काढायचंय?"

"विकायचंय हो, नीकबख्त आगा! विकायचंय!"

"मग असं करा. अर्धं सामान हलवा. भिंतींना रंग द्या. खिडक्यांवरचे हे जाड पडदे काढा, जरा ऊन आत येऊ द्या. घरात शिरल्यावर माणसाला छान वास आला पाहिजे. नवी खोली, नवा संसार असं त्याला दिसलं पाहिजे. तुमचा जुना नाही." मग आवाज खाली आणून, जपमाळ थांबवून, ते म्हणाले, "आणि घराला बोलू द्या. माणसानं बोलू नये."

इरज आगा अंगणात हौदाशी काहीतरी ठोकत होते. त्यांना ऐकू गेलं नाही, असं आम्हाला तेव्हा वाटलं.

आता रंग, नळ, घंटा हे सगळं करायचं म्हणजे पैसा. आमच्या शहराच्या चिक्कूपणावर देशभर विनोद सांगतात. त्यातले निम्मे कुणीतरी आबजीला बघूनच रचले असावेत. दातात धरलेला साखरेचा खडा ती चहाच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत पुरवते. पण त्या संध्याकाळी तिनं कपाटातून एक पाकीट काढलं. नवरोजला नवा कोट घ्यायचा म्हणून वर्षभर जमवलेले पैसे.

"यंदा कोट नाही," ती म्हणाली. "यंदा तो भिंतींना घालते. पण अख्तर, सांगून ठेवते, या पाकिटाबाहेर एक कवडी जायची नाही. उरलेलं सगळं कोपरानं घासून काढायचं."

आणि घासलं की हो आम्ही! तसा तो महिनाच घर झाडून काढायचा. गल्लीत प्रत्येक गच्चीवरून गालिचे बडवल्याचे आवाज येत होते. आमचे सगळ्यांत मोठे. खिडक्या सिरक्यानं पुसल्या. तांब्याची भांडी लिंबू-मिठानं अशी घासली की त्यात आपलं तोंड दिसावं, सुरकुत्यांसकट. जाड पडदे उतरवून मी त्यांच्या अस्तरातूनच पातळ पांढरे पडदे शिवले. कोरं कापड एक वितही आणलं नाही. मोठे सोफे, काचेचं कपाट, आबजीच्या लग्नातला आरसा हे सगळं हातगाडीवरून माझ्याकडे आलं. माझ्या एवढ्याशा खोलीत शिवणाच्या मशीनपर्यंत पोचायला मला रोज दोन सोफ्यांवरून चढून जावं लागायचं. गिऱ्हाईक बायका माप द्यायला आल्या की त्यांना सोफ्यावर उभं करूनच माप घ्यायची मी.

रंगाचा एकच डबा परवडला. पांढरा. आबजीनं त्यात चिमूटभर हळद कालवली. "नुसता पांढरा म्हणजे दवाखाना," ती म्हणाली. रंग काढला इरज आगांनीच आणि काढला मात्र सुरेख. भिंती अशा झाल्या की सकाळचं ऊन पडलं की सायीचा थर दिसावा. शेजारच्या फख्री खानूमनी त्यांचा नाईन गावचा निळा-पांढरा गालिचा त्या दिवसापुरता देऊ केला. "पण तूरान, त्याच्यावर कुणी चहा सांडला तर माझं-तुझं संपलं," असं बजावून.

एक गोष्ट मात्र रंगाला दाद देईना. मागच्या खोलीतल्या भिंतीवर ओलीचा डाग होता, गालिच्याएवढा. रंगावर रंग चढवला तरी दुसऱ्या दिवशी तो हजर. शेवटी आबजीनं उंच कपाट ओढत नेऊन त्याच्यापुढे उभं केलं आणि हात झटकले.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग नळवाला आला.

इरज आगा रोटी आणायला गेले होते. ते परत आले तर स्वयंपाकघरात नवा चकचकीत नळ बसलेला. बोटानं फिरवला की पाणी. जुना नळ फरशीवर पडलेला, शेजारी साखळी. इरज आगांनी रोटी खाली ठेवली. नवा नळ उघडला, बंद केला. "चांगला आहे," म्हणाले. मग वाकून ती पक्कड उचलली, साखळीतून सोडवली, कोटाच्या खिशात घातली आणि तो जिना, ज्या जिन्याला ते एरवी शिव्या द्यायचे, तो एकही शब्द न बोलता चढून थेट गच्चीवर गेले.

आबजी कढईत कांदा परतत राहिली. तिचे डोळे लाल झालेले. कांद्यानं, असं ती म्हणाली.

मी वर गेले. ते कठड्याला टेकून बसले होते.

"तुझ्या आबजीला माझी लाज वाटते का गं?"

"लाज नाही हो इरज आगा. घाई आहे."

"नीकबख्तचं बोलणं मला ऐकू आलं होतं. माणसानं बोलू नये." ते थोडं हसले. "गिरणीत एखादा माग बंद पडला की अख्ख्या खात्यात माझ्या नावानं ओरडा व्हायचा. इरज! इरज कुठाय? बायका, पोरं, मुकादम, सगळे. आता कोण ओरडतंय? नळ ओरडायचा बिचारा."

मी आपलं म्हटलं, "माझ्याकडे दोन सोफे अडकलेत. मला घरात चालता येत नाही. तुम्ही एकदाचे या तिकडे राहायला, मग तुमच्या नावानं मी ओरडीन. माझं मशीन रोज बिघडतं."

त्यांनी खिशातली पक्कड चाचपली. मग उठले, खाली आले आणि स्वतःच्या हातानं गिरणीची घंटा उतरवली. तिच्या जागी बाजारातली नवी घंटा बसवली. दार रंधून सरळ केलं. खुंट्या उपटल्या. धोट्याची मूठसुद्धा काढली. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आबजीला म्हणाले, "गिऱ्हाईक आलं की मी मिठाची गुळणी धरीन. हूं की चूं करणार नाही. तुला वचन."

आबजीनं त्यांच्या ताटात भाताच्या कुरकुरीत खरपुडीचा सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

गुरुवारी दुपारी नीकबख्त आगा एक कुटुंब घेऊन येणार होते. बेहनाम नावाचा तरुण, त्याची बायको गुलनूश आणि त्याची आई एफ्फत खानूम. "पैसा आईच्या हातात आहे," दलालानं आधीच सांगून ठेवलं होतं.

आम्ही सकाळपासून तयार. हौद धुऊन भरलेला, काठावर जांभळ्या-पिवळ्या फुलांच्या कुंड्या. चुलीवर मंद आचेला संत्र्याच्या साली आणि दालचिनी उकळत ठेवलेली. चहाचा सामोवर गुणगुणतोय. फख्री खानूमचा गालिचा मधोमध. इरज आगा दाढी करून, लग्नाकार्यातला कोट घालून, खुर्चीत ताठ. फोटो काढायला बसल्यासारखे.

दुपार झाली. कुणी नाही. दुपार कलली. कुणी नाही. मग गल्लीत एकदम आरडाओरडा ऐकू आला, पळण्याचे आवाज, कुणीतरी दारं ठोठावत चाललेलं.

"पाणी आलं! नदीला पाणी सोडलं! खाजूपर्यंत आलंय!"

शरद ऋतूपासून झायंदेरूद कोरडी ठणठणीत होती. पुलाच्या कमानींखाली पोरं फुटबॉल खेळत होती. आणि आज पाणी! बघता बघता गल्ली रिकामी झाली. फख्री खानूम एका पायात चप्पल घालून धावत गेल्या. माझेही पाय शिवशिवायला लागले.

"आबजी, जाऊन येऊ या गं. नुसतं बघून."

"पाणी उद्याही असेल. गिऱ्हाईक उद्या नसेल." ती जागची हलली नाही. साली उकळून उकळून आटल्या. तिनं नव्या साली टाकल्या, आणि आटलेल्या वाळत घातल्या, मुरंब्याला.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा माझ्यानं राहवेना. गल्लीत डोकावावं म्हणून मी दार उघडलं, तर दारात माणसंच माणसं! नीकबख्त आगा, बेहनाम, गुलनूश, एफ्फत खानूम आणि त्यांच्या दोन बहिणी, ज्यांचा कुठं उल्लेखच नव्हता. सगळ्यांच्या विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, हातात बूट.

"कधीपासून घंटा वाजवतोय!" एफ्फत खानूम म्हणाल्या. "आम्हाला वाटलं घरात कुणी नाही, निघालोच होतो. तुमची घंटा वाजते की उसासा टाकते?"

मागून इरज आगांनी एक लांब श्वास घेतला. आबजीनं त्यांच्याकडे पाहिलं. श्वास तसाच आत राहिला.

"माफ करा हं, उशीर झाला," गुलनूश म्हणाली. "पाणी आलंय म्हणाले, मग कसं थांबणार? आम्ही आत उतरलो. आईसुद्धा उतरल्या."

आणि असे ते सहाजण, ओल्या, वाळूनं माखलेल्या पायांनी, फख्री खानूमच्या गालिच्यावरून चालत आत आले. आबजी हसत होती. दात दिसत होते, म्हणून हसत होती म्हणायचं.

घर मात्र त्यांना आवडलं. दिसत होतं ते. गुलनूश खिडकीपाशी उभी राहिली, पडद्यावरून हात फिरवला. बहिणी कपाटं उघडून बघत होत्या. बेहनामनं नळ सोडून पाहिला. एफ्फत खानूम मात्र भिंती बघत नव्हत्या. त्या इरज आगांना बघत होत्या.

"आगा, पाण्याचा जोर कसा आहे इथं?"

इरज आगांनी आबजीकडे पाहिलं. मग मान हलवली. वरखाली.

"शेजारीपाजारी कसे?"

इरज आगांनी स्मित केलं. दाढ उपटताना माणूस करतो तसं.

"छत वगैरे गळतं का पावसात?"

इरज आगांनी आकाशाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. मान, गाल, कान सगळं लाल. नीकबख्त आगा घाईनं म्हणाले, "आगा जरा मितभाषी आहेत."

मी खोकला आल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर अंगणात वेगळंच चाललेलं. तिघी बहिणी हौदापाशी डोकी जुळवून कुजबुजत होत्या. मग एफ्फत खानूम बुटांत पाय घालायला लागल्या.

"घर सुरेख आहे, तूरान खानूम. हातांना बरकत येवो. पण आम्ही नाही घेणार."

आबजी चहाचं तबक घेऊन पुढे झाली. "का हो? काय कमी आहे?"

"घरात काही कमी नाही. पण घराचा धनी राजी नाही." त्यांनी इरज आगांकडे बोट केलं. "या माणसाच्या तोंडातून एक शब्द फुटत नाही. डोळे भरलेत. कुणीतरी जबरदस्तीनं विकायला लावतंय. मुलं असतील, नाहीतर..." त्यांनी आबजीकडे पाहून वाक्य सोडून दिलं. "माझा मुलगा नवा संसार मांडतोय. दुखावलेल्या माणसाकडून घर घेतलं की त्याची हाय लागते. माझ्या आईनं सांगितलंय, घर घेताना भिंत बघू नको, धन्याचं तोंड बघ."

मग आबजीनं तबक हौदाच्या काठावर दाणकन ठेवलं.

"बोला!" ती ओरडली.

इरज आगा दचकले. "मी?"

"तुम्हीच! बोला! जन्मभर कान किटवलेत माझे, आणि आज नेमके मुके झालात?"

"पण मी वचन..."

"वचन गेलं नदीत! बोला!"

"सगळं बोलू?"

"सगळं!"

त्या माणसानं आत कोंडलेला श्वास सोडला. खिशातून पक्कड काढली. तीच, जर्मन. आणि बांध फुटला.

"या. आधी मागच्या खोलीत या. बेटा बेहनाम, हात लाव. हे कपाट असं सरकव. बघा. ही ओल. दर हिवाळ्यात येते. शेजारच्यांची नळी भिंतीतून जाते ना, ती इथं, या विटेपाशी झिरपते. शेजारी माणूस लाख आहे, पण कंजूस. खर्च अर्धा अर्धा म्हणालात तर तयार होईल. मी म्हटलं नाही, कारण मीही कंजूस." नीकबख्त आगांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इरज आगा जिन्याकडे वळलेसुद्धा होते. "छत गळत नाही, मी दर शरदात स्वतः लिंपतो. तुम्हीही लिंपा, नाहीतर गळेल. जिना वाईट आहे. ज्यानं बांधला त्याला खुदा क्षमा करो, मी करणार नाही. तरुण पाय असतील तर काही नाही. न्हाणीत गरम आणि गार उलटं आहे, हिवाळ्यात. ही घंटा काढून टाका, हिला दम नाही. जुनी कोठीत ठेवलीय, ती देतो. कबरीतला माणूस उठेल अशी आहे."

ते घरभर फिरले आणि सहाजण त्यांच्या मागून. कुठला दिवा कुठून लागतो, कुठली खिडकी वाऱ्यानं आपटते, उन्हाळ्यात कुठल्या खोलीत झोपावं. बोलता बोलता त्यांचा आवाज तरुण झाला. स्वयंपाकघरात आले तेव्हा नव्या नळावर हात ठेवून जरा थांबले.

"इथं माझा जुना नळ होता. त्याची एक गंमत सांगतो. गिरणी बंद पडली ना, तेव्हा मी सहा महिने त्या कोपऱ्यात बसून होतो. भिंतीकडे तोंड करून. मग एक दिवस हा नळ बिघडला. दुरुस्त केला. दुसऱ्या आठवड्यात दाराची कडी. मग दिवा. मग पडद्याचा गज. दर चार दिवसांनी काहीतरी मोडायचं. मी म्हणायचो, काय घर आहे!" त्यांनी आबजीकडे पाहिलं नाही. "बाईसाहेबांना वाटतं मला कळलं नाही. अहो, मी मागांचा कारागीर. आपोआप सैल झालेला स्क्रू आणि चाकूच्या टोकानं सैल केलेला स्क्रू मला ओळखता येत नाही?"

मी आबजीकडे पाहिलं. मला आजवर तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"चाकू नव्हता," ती पुटपुटली. "नखं कापायची कात्री होती."

एफ्फत खानूमनी डोळ्यांना ओढणीचा पदर लावला. खरं तर हसून हसून लावला होता, पण थोडं रडूही होतं त्यात. मग त्यांनी पुन्हा बूट काढले आणि येऊन गालिच्यावर मांडी घालून बसल्या.

"चहा आणा हो आता," म्हणाल्या. "आगा राजी आहेत."

"राजी म्हणजे?" इरज आगा म्हणाले. "माझे गुडघे तर सकाळ-संध्याकाळ दुवा देतील तुम्हाला!"

गुलनूशनं भिंतीला हात लावला. "हा रंग कुठल्या दुकानातला?"

"तो रंग नाही, माझा कोट आहे," आबजी म्हणाली, आणि मग सगळी हकिकत सांगावी लागली, हळदीसकट.

भावाची घासाघीस झालीच. इस्फहानात ती न करता घर घेतलं तर लोक आजारी आहे का विचारतात. ओलीचे म्हणून थोडे कमी झाले. जिन्याचे म्हणून कमी करा असं एक बहीण म्हणाली, तेव्हा इरज आगा म्हणाले, "जिना मी दोषांत मोजला, पण तुम्ही त्याला व्यायामात मोजा." नीकबख्त आगांची जपमाळ पुन्हा गरगरायला लागली. बेहनामनं हात पुढे केला, इरज आगांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि मी गझ मिठाईचा डबा उघडला. आबजीनं जपून ठेवलेला तो डबा निघाला तेव्हाच मला कळलं की घर खरोखर विकलं गेलंय.

मंडळी गेल्यावर मी गालिच्याची वाळू झाडायला घेतली. इरज आगांनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला.

"राहू दे ते. फख्री खानूम अजून नदीवरच असतील. तूरान, जोडे घाल."

"आत्ता? सगळा पसारा पडलाय."

"घर विकलंस ना? मग पसारा कुणाचा?"

आम्ही तिघं निघालो. इरज आगा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला आबजी, त्यांच्या गुडघ्यांच्या चालीनं हळूहळू. पुलापाशी अख्खं शहर लोटलं होतं. कमानींखाली कुणीतरी गळा मोकळा सोडून गात होतं आणि पलीकडच्या कमानीतून दुसरं कुणी त्याला उत्तर देत होतं. पाणी मातकट होतं, गढूळ, काड्याकचरा घेऊन आलेलं, आणि लोक त्याच्याकडे असे बघत होते की जणू घरात बाळ जन्माला आलंय.

आबजी पायऱ्यांवरून खाली उतरली. जोडे काढले, मोजे काढून नीट घडी घालून जोड्यांत ठेवले, आणि पाय पाण्यात सोडले.

"अख्तर! अगं, किती गार आहे!" ती किंचाळली, आणि खालच्या पायरीवरच्या अनोळखी बाईच्या खांद्याचा आधार घेत आणखी एक पायरी उतरली. ती बाईही ओरडली, "सावकाश, खानूम!" आणि मग दोघीही हसायला लागल्या.

इरज आगा वरच्या पायरीवर बसून तिचे जोडे सांभाळत होते. मी माझे त्यांच्याजवळ ठेवले आणि खाली उतरले.